बिनभाड्याचे उतारू

स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात, २६ ऑगस्ट २०२२ पासून, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या गाड्यांतून वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्या कोणाही स्त्रीपुरुषास राज्याच्या हद्दीत छदामही न देता प्रवास करण्याची मुभा मिळाली. ज्या जिल्ह्यांत आगगाडीचे फाटे जागोजागी गेले आहेत, शहरे जवळजवळ आहेत आणि घरोघरी कमावते हात आहेत, तेथे या वार्तेची चर्चा दोनचार दिवसांत विरून गेली असेल. रत्नागिरी जिल्ह्यात तिचे मोल निराळे होते. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंत उतरत गेलेल्या या चिंचोळ्या पट्टीत वाड्या डोंगरांच्या कुशीत विखुरलेल्या. दवाखाना, बँक आणि तहसीलदाराची कचेरी तालुक्याच्या गावी. तरुण मंडळी मुंबईस आणि मागे घरदार राखणारी वृद्ध माणसे, अशी अवस्था शंभरांहून अधिक वर्षे चालत आलेली असल्यामुळे, प्रवासाचे भाडे कोणास माफ असावे हा प्रश्न येथे औषधपाण्याशी आणि अन्नाशी जोडला गेला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर काळाप्रमाणे पालटत आले. राज्याची चाकरी करताना जो निकामी झाला त्याच्या पोटाची काळजी आधी वाहिली गेली; देशासाठी ज्याने कारावास सोसला त्याला पुढे बिनभाड्याने गाडीत घेतले गेले; मग ज्याच्या व्यंगाचा दाखला सरकारी वैद्याने दिला त्याला सूट मिळाली; आणि सरतेशेवटी, पुष्कळ वर्षे जगला एवढ्याच कारणासाठी, वृद्धमात्रास ती लाभली. हा क्रम मला विशेष अर्थपूर्ण वाटतो, आणि या लेखात त्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

मोटारी येण्यापूर्वीच्या काळात या मुलखातला प्रवास म्हणजे पायपीट, आणि ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्यापुरता प्रवास संपलेला. घाटावर जावयाचे तर आंबा, कुंभार्ली किंवा अणुस्कुरा यांपैकी एखादा घाट चढावा लागे. ऐपत असेल तो डोली करी. नसेल तो घरीच राही. किनाऱ्याच्या कडेने उत्तरेकडून दक्षिणेकडे जाऊ म्हणणाऱ्याच्या वाटेत बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर अशा खाड्या आडव्या येत, आणि प्रत्येक खाडीवर तर असे. मुंबई इलाख्यात १८६८ साली तरींचा कायदा झाला, सरकारी तरींचे मक्ते दिले जाऊ लागले आणि उतारूमागे, जनावरामागे किती पैसे घ्यावयाचे याचे दर ठरू लागले. तत्पूर्वीच्या गावगाड्यात काही ठिकाणी होडीवाल्या कोळ्याला सुगीच्या वेळी धान्य घालण्याची चाल होती. अशा गावात फेरीगणिक पैसा मोजण्याचा प्रश्न नव्हता; जो गावचा, तो पलीकडे जाणार, मग तो धडधाकट असो की आंधळापांगळा. ती व्यवस्था जातीच्या आणि सक्तीच्या चौकटीत बसवलेली होती, म्हणून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि प्रवासाचा खर्च सर्वांनी मिळून आधीच उचलावा आणि ऐन वेळी उतारूच्या खिशाकडे पाहू नये, ही कल्पना आपल्याकडे परकी नव्हती, इतके त्यावरून निश्चित दिसते.

दुर्बळांच्या योगक्षेमाची जबाबदारी राज्यसत्तेने उचलल्याचे दाखले मराठेशाहीच्या दप्तरांत सापडतात, परंतु त्यांचे स्वरूप कृपेचे आहे. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना बालपरवेशी मिळे, कोणाला वर्षासन, कोणाला इनाम जमीन. सनद हाती असेल तोवर ते चाले, आणि सनदेची चौकशी कधी ना कधी होईच. कंपनी सरकार आल्यावर धनी पालटला, तत्त्व तेच राहिले. रत्नागिरी जिल्हा हा मुंबईच्या पलटणींना शिपाई पुरवणारा मोठा जिल्हा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दापोलीस लष्करी छावणी होती, आणि वयाने वा जखमांनी कवायतीस निरुपयोगी झालेल्या शिपायांची पलटण तेथे ठेवलेली असे. त्या गावास अद्यापही लोक कॅम्प दापोली म्हणतात ते या इतिहासामुळेच. छावणी मोडल्यानंतरही निवृत्तिवेतन घेणाऱ्या लष्करी कुटुंबांची वस्ती तेथे राहिली, डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हेही पलटणीतून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीस राहिले होते. वार्धक्याला नियमित पैसा मिळू शकतो हे या जिल्ह्याने प्रथम पाहिले ते अशा शिपायांच्या घरी. ज्याने बंदूक खांद्यावर घेतली त्यालाच तो मिळे. जन्मभर नांगर धरणाऱ्याचे, भात लावणारीचे वार्धक्य सरकारच्या हिशेबी कोठेच नव्हते.

मुंबईशी या जिल्ह्याचा संबंध जडला तो आगबोटीने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शेफर्ड कंपनीच्या आणि पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जात, आणि मुंबईच्या गिरण्यांत राबणारा रत्नागिरीकर या बोटींच्या डेकवर वळकटी पसरून ये-जा करी. समुद्र खवळला की ही वाट बंद. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत किनारा मुंबईला जणू पारखा होई. वृद्धांची खरी कसोटी मात्र भाड्याहून उतरताना लागे. बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागण्याची सोयच नव्हती. ती खोल पाण्यात नांगर टाकी, किनाऱ्यावरून पडाव तिच्या अंगाशी येत, आणि लाटेबरोबर वरखाली होणाऱ्या त्या पडावात शिडीवरून नेमक्या क्षणी पाऊल टाकावे लागे. तरणाताठा गडी उडी घेई. म्हाताऱ्या बाईला खलाशी वरून दंडाला धरीत, खालचे दोघे कमरेला हात देत, आणि पाणी वर आले की तिला उचलून पडावात बसवीत. पुढे ओहोटी असली तर पडाव वाळूत रुते आणि तेथून कोरड्या जमिनीपर्यंत पुन्हा कोणाच्या तरी खांद्यावरून जावे लागे. ज्यांच्या खांद्यांवर बसून या किनाऱ्यावरील आजारी, अंध आणि गलितगात्र माणसे वर्षानुवर्षे जमिनीवर आली, त्या खलाशांची आणि पडाववाल्यांची आठवण वाहतुकीच्या कोणत्याही इतिहासात आदराने झाली पाहिजे. वाहन आणि जमीन यांमधल्या त्या एका पावलाचा प्रश्न आगबोटी गेल्या तरी सुटला नाही, हे पुढे दिसेलच.

रस्त्यांवर मोटारी धावू लागल्या तेव्हा आरंभी त्या खाजगी मालकांच्या होत्या. गाडी भरल्याशिवाय निघावयाची नाही, भरल्यावरही वाटेत उतारू घ्यावयाचे, महायुद्धाच्या काळात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा मागे कोळशाची शेगडी लावून गाडी ढकलत चढावाला न्यावयाची, असा तो कारभार. त्यात सवलत ही मालकाच्या मर्जीची गोष्ट होती. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर सरकारी परिवहनाची पहिली गाडी धावली आणि उतारूच्या इतिहासात नवे प्रकरण सुरू झाले. १९५० साली मध्यवर्ती सरकारने मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा केला, आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर आजचे महामंडळ आकारास आले. यथाकाल रत्नागिरी विभागात मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, देवरुख, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर येथे आगारे झाली, आणि रस्ता तेथे एसटी या धोरणाने तांबडी गाडी त्या त्या गावच्या शेवटच्या वडापर्यंत पोहोचली. संध्याकाळी आगारातून सुटून रात्री गावी मुक्काम करणारी आणि पहाटे तालुक्याला परत जाणारी वस्तीची गाडी ही कोकणातल्या खेड्याची दिनचर्याच ठरविती झाली. दूध, टपाल, मुलांची शाळा आणि म्हाताऱ्यांचा दवाखाना, सारे तिच्या वेळेवर बेतलेले असे.

या गाडीत भाडे न देता बसण्याचा मान आरंभीच्या काळात ज्यांना लाभला त्यांत अग्रस्थान स्वातंत्र्यसैनिकांचे होते. रत्नागिरी जिल्ह्याच्या बाबतीत ही गोष्ट दूरची नव्हती. १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा वेंगुर्ले तालुका याच जिल्ह्यात होता, आणि ज्यांनी तेथे लाठ्या खाल्ल्या त्यांतील कित्येक जण स्वराज्यानंतर आपापल्या गावी साधेपणाने जगत होते. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ पासून, मध्यवर्ती सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्यास आरंभ केला. राज्याने त्यांना एसटीचा प्रवास माफ केला, आणि त्यांच्यासोबतच्या एका माणसालाही. ही सोबत्याची तरतूद ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या कोणी ती लिहिली त्याने वृद्ध माणूस एकटा प्रवास करीत नाही हे जाणले होते. गाडीच्या खिडक्यांवरील पट्टीत त्या काळी जी अक्षरे रंगविलेली असत, ती वाचली तरी समाज कोणाला कोणती जागा देऊ इच्छीत होता हे समजत असे: कोठे आमदारांसाठी राखीव, कोठे स्वातंत्र्यसैनिकांसाठी, कोठे स्त्रियांसाठी, आणि दाराजवळच्या एका आसनावर अपंगांसाठी.

अपंगांचा विचार हक्काच्या भाषेत होऊ लागला तो फार उशिरा. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, आणि त्याच सुमारास महाराष्ट्रात निराधारांच्या प्रश्नाकडे राज्यकर्त्यांचे लक्ष गेले. योगायोग असा की त्या वेळचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले हे कोकणातलेच, कुलाबा जिल्ह्यातल्या आंबेतचे. त्यांच्या कारकीर्दीत १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली आणि १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग वेगळा झाला. निराधार अनुदानामुळे ज्यांच्या हाती कधीच रोकड येत नव्हती अशा विधवा, अंध, पंगू आणि वृद्ध माणसांना दरमहा काही रक्कम मिळू लागली. परंतु ती हाती घेण्यासाठी तालुक्याला जावे लागे. आतल्या वाडीतून येणाऱ्या म्हातारीने गाडीचे जाण्यायेण्याचे भाडे भरले, चहा-पाव घेतला आणि अर्जावर अंगठा उठविणाऱ्या लेखनिकाला दोन रुपये दिले, की अनुदानाचा एक भाग कचेरीच्या पायरीवरच संपे. प्रवासातली सवलत आणि निराधाराचे अनुदान यांची सांगड अशी आहे. एक दिले आणि दुसरे नाकारले तर पहिल्याचेही पुरते फळ मिळत नाही.

कालांतराने एसटीच्या सवलतींची यादी वाढत गेली आणि आज सुमारे तीस प्रकारच्या लोकांना तिचा लाभ मिळतो. चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्वाचा दाखला असणाऱ्याला भाड्यात पंचाहत्तर टक्के सूट. अपंगत्व पासष्ट टक्क्यांहून अधिक असेल तर सोबत्यालाही निम्मे भाडे. कर्करोगाच्या, क्षयाच्या, कुष्ठरोगाच्या रुग्णांस सवलत. मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना डायलिसिस घ्यावे लागते त्यांना, तसेच सिकलसेल, हिमोफिलिया आणि एचआयव्ही यांनी ग्रस्त असणाऱ्यांना, साध्या गाडीतून पूर्ण माफी. आठवड्यातून दोन-तीन वेळा जिल्ह्याच्या रुग्णालयात यंत्राला जोडून घ्यावे लागणारा राजापूर किंवा संगमेश्वर तालुक्यातला रुग्ण डोळ्यांसमोर आणला म्हणजे ही माफी किती आवश्यक होती हे सांगावे लागत नाही. १९९५ चा अपंग व्यक्तींविषयीचा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून अंमलात आला, त्याने वाहतुकीतील भेदभावाचा उल्लेख केला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले. कायद्याची भाषा अशी विस्तारत गेली तरी सवलतीचे दार दाखल्यानेच उघडते, आणि तो दाखला मिळविण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय मंडळापुढे उभे राहावे लागते. पायाने अधू असलेल्या मनुष्याला प्रवासाची सवलत मिळण्यापूर्वी एक-दोन प्रवास पूर्ण भाड्याने करणे भाग पडते, ही या व्यवस्थेतली अडचण तिच्या जन्मापासूनची आहे.

सार्वजनिक पैशातून कोणाला फुकट नेण्याचा अधिकार परिवहन चालविणाऱ्या संस्थेला आहे काय, हा प्रश्न इंग्लंडात न्यायालयापर्यंत गेला होता. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने सत्तर वर्षांवरील पुरुषांना आणि पासष्ट वर्षांवरील स्त्रियांना आपल्या गाड्यांतून विनामूल्य प्रवासाची सोय दिली. एका करदात्याने तीविरुद्ध दाद मागितली, आणि १९५४ साली अपील न्यायालयाने निकाल दिला की नगरपालिका ही करदात्यांच्या पैशाची विश्वस्त आहे, एका वर्गाला अशी देणगी देण्याचा तिला अधिकार नाही. त्यावर पार्लमेंटाला १९५५ साली कायदा करून आधीपासून चालू असलेल्या सवलतींना अभय द्यावे लागले. आयर्लंडने १९६७ मध्ये वृद्धांचा प्रवास देशभर माफ केला, लंडनचा पास १९७३ पासूनचा, आणि संपूर्ण इंग्लंडात वृद्धांना व अपंगांना कोणत्याही गावच्या बसमधून फुकट जाता येऊ लागले ते २००८ साली. आपल्या १९५० च्या कायद्यातही हाच पेच दडलेला आहे. महामंडळाने धंद्याच्या तत्त्वांनुसार कारभार करावा असे त्याचे एक कलम सांगते आणि राज्य सरकार महामंडळास निर्देश देऊ शकते असे दुसरे. या दोन कलमांमधून वाट निघाली ती प्रतिपूर्तीची: सवलत सरकार जाहीर करते, वाहक तिकीट फाडतो, आणि बुडालेल्या भाड्याची रक्कम सरकारने महामंडळाच्या तिजोरीत भरावयाची. ही रक्कम वेळेवर येत नाही तेव्हा गाड्यांची डागडुजी लांबते आणि कामगारांचे पगार अडतात, व त्याचा पहिला फटका तोट्यातल्या मार्गांना बसतो. असे मार्ग कोकणात थोडे नाहीत. म्हणून माफीची घोषणा करणाऱ्याने प्रतिपूर्तीची तारीखही पाळली पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन.

रत्नागिरीची लोकसंख्या पाहिली म्हणजे या जिल्ह्यात वृद्धांचा प्रश्न इतका निकडीचा का, हे उमगते. २००१ च्या शिरगणतीत जिल्ह्याची वस्ती सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सारा देश वाढत असताना येथे माणसे घटली. त्याच शिरगणतीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. चाकरमानी मुंबईला, आणि घराचा, शेताचा, देवाचा भार बायकांवर व म्हाताऱ्यांवर, ही या जिल्ह्याची जुनी रीत त्या एका आकड्यात उमटली आहे. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरून वाहतो, आणि मग पुढचे महिने बंद घरांच्या ओळीत एखाद्या घरातूनच धूर निघतो. त्या घरातल्या माणसाला रक्तदाबाची गोळी आणण्यासाठी, डोळ्यातला मोतीबिंदू काढून घेण्यासाठी, बँकेत हयातीचा दाखला देण्यासाठी गाडीवाचून गत्यंतर नसते.

अशा माणसांसाठी पासष्ट वर्षांनंतर अर्धे तिकीट ही सवलत आली. २००७ सालच्या मातापित्यांच्या निर्वाहाविषयीच्या कायद्याने साठ वर्षांचा मनुष्य ज्येष्ठ मानला असला, तरी एसटीच्या लेखी ज्येष्ठत्व पासष्टापासून सुरू होते, आणि पूर्ण माफी पंचाहत्तरापासून. आता वय सिद्ध कसे करावयाचे? ज्या पिढीचा जन्म घरी सुईणीच्या हातून झाला आणि जिचे वय मोठ्या वादळावरून किंवा गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारावरून सांगितले जाई, तिच्या हाती जन्माचा कागद नव्हता. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले त्यांना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख देऊन टाकली. महाराष्ट्रातल्या एका संपूर्ण पिढीचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. पुढे आधारपत्र आले, तेव्हा ज्यांना केवळ वर्ष आठवत होते त्यांच्यापुढे १ जानेवारी लागली. एखाद्या म्हातारीचे वय त्या वेळी तीन-चार वर्षांनी कमी नोंदले गेले असेल, तर तेवढी वर्षे तिची माफी लांबली, आणि ती दुरुस्त करून घेण्यासाठी पुन्हा तालुक्याची वारी. २०१९ पासून ज्येष्ठांसाठी स्मार्ट कार्ड काढण्याची मोहीम निघाली; आगारासमोर रांगा लागल्या, बोटांचे ठसे झिजलेल्या हातांनी यंत्रावर अंगठे टेकविले, मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या. शेतात आणि चुलीपाशी ज्यांची बोटे झिजली त्यांचा ठसा यंत्राला उमटत नाही, ही गोष्ट यंत्र आणणाऱ्यांनी आधी विचारात घ्यावयास हवी होती.

त्यानंतरची तीन वर्षे या लोकांसाठी कठीण गेली. २० मार्च २०२० पासून रेल्वेने महामारीच्या कारणास्तव ज्येष्ठांची सवलत थांबविली. साठीनंतरच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना पन्नास टक्के सूट होती ती गेली, आणि महामारी ओसरल्यावरही परत आली नाही. २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेल्या कोकण रेल्वेने मुंबईचा प्रवास एका रात्रीचा केला होता; मुलाकडे जाऊ इच्छिणाऱ्या म्हाताऱ्याला आता तोच पूर्ण भाड्याने करावा लागू लागला. पाठोपाठ ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कामगारांच्या मागण्यांत तथ्य होते हे मान्य करूनही, त्या सहा महिन्यांत वस्तीची गाडी न आलेल्या गावांतल्या वृद्धांनी रिक्षाला आणि वडापाला जे पैसे मोजले, त्यांचा हिशेब कोठेच झाला नाही. संप मिटल्यावर चार महिन्यांनी पंचाहत्तरीची माफी आली ती या पार्श्वभूमीवर. आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला.

सकाळी दहाच्या सुमारास तालुक्याला येणाऱ्या कोणत्याही गाडीत ही माफी पाहावयास मिळते. पूर्वी वाहकाच्या काखेत पत्र्याची पेटी असे, तीत रंगीत तिकिटांच्या थप्प्या, आणि हातातल्या पंचाने दांडीवर टकटक करीत तो पुढे येई. आता गळ्यात तिकिटाचे यंत्र असते. “आजी, आधार दाखवा,” म्हणताच आजी कनवटीची पिशवी सोडते, पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले, घड्यांवर विरलेले आधारपत्र काढते, वाहक जन्मसालावर नजर टाकतो आणि यंत्रातून शून्य रुपयांचे तिकीट बाहेर येते. ते तिकीट ती टाकून देत नाही. आधारपत्राच्या घडीत ठेवते. कोणाचे उपकार नाहीत, कोणापुढे हात पसरणे नाही, सुनेकडे वा शेजाऱ्याकडे सुटे पैसे मागणे नाही. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या गरजांपुढे आपल्या गरजा मागे ठेवल्या त्याला आपल्या मनाने घराबाहेर पडता यावे, हेच या तिकिटाने दिलेले सर्वांत मोठे दान आहे, असे मी मानतो.

तरीही माफी कोठे थांबते ते पाहिले पाहिजे. ती शहरी गाड्यांना लागू नाही. रत्नागिरी शहराची अंतर्गत वाहतूक एसटीच चालवीत असल्यामुळे येथे असे घडते, की दूरच्या गावाहून शहरापर्यंत बिनभाड्याने आलेला वृद्ध पुढच्या दोन-तीन मैलांसाठी त्याच महामंडळाच्या शहरी गाडीत पैसे मोजतो. खाडीच्या काठाशीही ती थांबते. दाभोळहून धोपाव्याला, जयगडहून तवसाळला आज फेरीबोटी मोटारींसह माणसांना पलीकडे नेतात, आणि गुहागरकडच्या माणसाला रत्नागिरी त्यामुळे कितीतरी जवळ आली. परंतु ती सेवा वेगळी, एसटीची माफी तेथे चालत नाही. एके काळी ज्या किनाऱ्याचा सारा प्रवास पाण्यावरून होता, तेथे सवलत फक्त डांबरी रस्त्यावर उरली आहे. आणि गाडीची पहिली पायरी! रस्त्यापासून गुडघ्याहून उंच असलेल्या त्या पायरीवर पाय ठेवताना दाराची दांडी दोन्ही हातांनी धरून जी माणसे क्षणभर थबकतात, त्यांना मागून कोणीतरी आधार देते म्हणून ती वर चढतात. पडाव गेले, खलाशी गेले, एका पावलाची अडचण तशीच आहे. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याला तर दाराजवळची राखीव जागा लांबूनच दिसते.

सोबत्याचा प्रश्नही याच ठिकाणी पुढे येतो. स्वातंत्र्यसैनिकाच्या सोबत्याला माफी होती, पासष्ट टक्क्यांवरील अपंगाच्या सोबत्याला निम्मे भाडे आहे. पंचाहत्तरीच्या वृद्धाबरोबर येणाऱ्याचा मात्र योजनेत उल्लेख नाही. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचे, डोळ्यांनी अधू, कानांनी मंद माणूस घाटातल्या वळणांच्या वाटेवर एकटे कसे जाणार? प्रत्यक्षात ते एकटे जातही नाही. त्याच्या शेजारी बहुधा सून, विधवा बहीण किंवा वाडीतली एखादी बाई बसलेली असते, कारण या जिल्ह्यात घरी राहणारे कोण, ते शिरगणतीनेच सांगितले आहे. २०२३ पासून त्या बाईचे तिकीट निम्मे झाले, आणि योजनेत न लिहिलेली सोबत्याची सवलत दुसऱ्याच योजनेच्या वाटेने रत्नागिरीच्या बहुतेक वृद्धांपर्यंत येऊन पोहोचली. सोबत मोठा नातू असेल, तर त्याचे तिकीट अजून पूर्ण लागते.